गेटवर दिलेला वाटा

फेब्रुवारी सरत आला तरी पावसाने आमची पाठ सोडली नव्हती. मॅलाकी रोज संध्याकाळी गेटवरून घरी यायचा तो मांडीपर्यंत भिजूनच. मी त्याचे बूट ओढून काढायची, तर बुटातून पाणी सांडायचं. पायांची बोटं लाल, सुजलेली, खाजवून खाजवून सोललेली. साठीला टेकलेला माणूस, पण चुलीपुढे पाय धरून बसायचा आणि म्हणायचा, "काही नाही गं नोरीन. होतं असं."

"होतं असं" हे आमच्या नवऱ्याचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. बॉगवरचं, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती काढायचं, काम बंद पडलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता. जन्मभर त्याने त्या काळ्या ओल्या माळावर यंत्र चालवलं, माती कापली, वाळवली, आणि तिच्यावर अर्ध्या देशाच्या चुली पेटल्या. मग वरून हुकूम आला की पुरे, या धुराने हवा बिघडते. बिघडत असेल, मी नाही म्हणत नाही. पण निम्मं गाव घरी बसलं त्याचं काय? पुढे त्याच माळावर पवनचक्क्या उभारायला लोक आले. त्यांच्या तांब्याच्या केबलला पाय फुटायला लागले तसा गेटवर माणूस हवा झाला, आणि ही माणसं पुरवायचा ठेका डेस कुसॅकने घेतला.

डेस काही परका नव्हे. मॅलाकीच्याच वर्गातला. गावच्या हर्लिंग खेळणाऱ्या पोरांना शर्ट तोच देतो, चर्चच्या छपराला पत्रेही त्यानेच दिले. त्यामुळे डेसला कुणी काही म्हणत नाही. मॅलाकीने तालुक्याला जाऊन गार्डचं शिक्षण घेतलं, पोलिसांकडची चौकशी झाली, आणि फोटोचं लायसन आलं. ते छातीवर लावून तो आरशापुढे उभा राहिला तेव्हा मला हसू आलं आणि बरंही वाटलं. एवढं यंत्र चालवलं, पण सरकारने त्याचा फोटो कधी मागितला नव्हता.

नोकरी म्हणजे गेटच्या बाहेर उभं राहायचं. पत्र्याची एक खोली होती, पण तिच्यात सिमेंट ठेवलेलं आणि वर कुलूप. संडास पार आत, इंजिनिअर लोकांच्या ऑफिसजवळ. गेट सोडून जायचं नाही अशी ताकीद, आणि बदली माणूस नाही. मग माणसाने करायचं काय? उकाळ्यासारखा चहा थर्मासमध्ये भरून द्यावा तर तो प्यायचा नाही. प्यायलं की जावं लागतं ना.

वर डेसने सगळ्या गार्डांकडून लिहून घेतलेलं, की हे नोकर नाहीत, हे आपापल्या धंद्याचे मालक. म्हणजे सुट्टी नको, आजारपण नको. मी म्हणायची, "मॅलाकी मालक आहे, बरं का! कशाचा? आपल्या ओल्या पँटचा."

तो हसायचा. पण एक दिवस हसला नाही. त्या दिवशी अगदीच आवरेना म्हणून तो बांधाआड गेला होता. नेमका एक लॉरीवाला आला, त्याने पाहिलं आणि हॉर्न दाबूनच धरला. मागच्या दोन लॉऱ्यांनीही दाबला. संध्याकाळपर्यंत गोष्ट पबमध्ये पोचली आणि पबमधून माझ्यापर्यंत. मॅलाकी जेवताना बटाटा नुसता चिवडत होता. मान वर करेना.

"तक्रार कर," मी म्हटलं.

"डेसविरुद्ध?"

"डेसविरुद्ध नाही तर काय पोपविरुद्ध?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला, नोरीन?"

"ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तुझं जळतंय आणि कळतंय मला, हे कसं रे?"

त्याने तक्रारीवर सही केली. मुकाट्याने, पण केली. लायसनवाल्या ऑफिसातून फोन आला, एक बाई बोलल्या. टिअर्नीबाई. म्हणाल्या, आम्ही येऊ, कामगार खात्याचा माणूसही बरोबर असेल. कधी ते सांगणार नाही.

ते आलेच नाहीत. आठवडे गेले. आणि आमच्या गल्लीतली ब्रायडी लॅली वारली.

आमच्याकडे कबर भाड्याची माणसं खणत नाहीत. घरचेही नाहीत. शेजाऱ्यांनी खणायची. सकाळी खणायची, दुपारी पेटी उतरली की त्याच हातांनी बुजवायची, आणि वर कुदळ-फावडं क्रुसासारखं आडवं-उभं ठेवून प्रार्थना म्हणायची. गाव करी ते राव न करी, ते आमच्याकडे असं. मॅलाकी विशीपासून आमच्या बाजूच्या कबरी खणतो. त्याच्या आईची कबर लॅलींच्या पोरांनी खणली, ती जमीन बर्फाने दगड झालेली असताना. त्यांच्या हातांना फोड आलेले मी स्वतः पाहिलेत. आता त्यांची आई गेली आणि मॅलाकी गेला नाही, तर त्या घरापुढून जायचं कोणत्या तोंडाने?

तो डेसकडे सुट्टी मागायला गेला. मी गाडीत बसले होते, काच खाली होती. डेस आपल्या अंगणात जीप धूत होता.

"ब्रायडीला माती द्यायचीय, डेस. सकाळ आणि दुपार. एवढा दिवस दे."

"अरे गड्या, माणूस कुठून आणू? गेट उघडं राहिलं तर कंपनी माझा गळा धरेल."

"मग?"

डेसने नळ बंद केला. इकडे तिकडे पाहिलं. "तुमचं तुम्ही बघा ना. गेटवर जॅकेट घातलेला एक माणूस दिसला पाहिजे, बास. बाकी मला काही दिसत नाही, आणि मला काही विचारूही नकोस."

मॅलाकीने टोपीला हात लावला. त्याचे आभार मानले! मी गाडीत दात आवळून बसले.

त्या संध्याकाळी कोलमन आमच्या स्वयंपाकघरात आला. कोलमन म्हणजे पलीकडच्या घरातला. एकटा जीव, दाढी छातीपर्यंत. बॉगवर यंत्राखाली त्याची पाठ गेली तेव्हापासून तो वाकू शकत नाही. गेल्या काही कबरींना तो नुसता बाजूला उभा राहायचा, खणणाऱ्यांना चहा द्यायचा. कुणी काही बोलत नसे, पण त्याचं तोंड बघवत नसे.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "डेसने नाही म्हटलं ना?"

"हो म्हटलं आणि नाहीही म्हटलं," मी म्हणाले. "त्याची जीभ म्हणजे ईल मासा. धरायला जावं तर निसटते."

कोलमन खुर्चीवर बसला नाही. टेबलाला धरून उभाच राहिला. "मॅलाकी, मी उभा राहतो गेटवर. उभं राहणं मला जमतं. खणता येत नाही मला, पण ब्रायडीने माझ्या आजारपणात रोज जेवण आणून दिलंय. तू माझ्या वाटची खण. मी तुझ्या वाटचं उभं राहतो. हा माझा वाटा समज."

आता सांगा, याला नाही कसं म्हणायचं?

"लायसनचं काय?" मी विचारलं. नाही असं नाही, विचारलं मी.

"एका दिवसाचा प्रश्न," मॅलाकी म्हणाला. "शेजाऱ्याचं गवत कापायला जातो तेव्हा लायसन लागतं का?"

आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. खरंच नाही दिसलं. वाटा तो वाटा. कुणी फावड्याने देतो, कुणी किटलीने. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलाकीचं जॅकेट मीच कोलमनच्या अंगात घातलं, बटणं लावली. लायसन खिशाला टोचलेलंच होतं, ते तसंच राहिलं.

स्मशानात जमीन पाणी धरून होती. मॅलाकी आणि लॅलींचे तीन शेजारी पाळीपाळीने खाली उतरत होते. वरची हिरवळ त्याने चौकोनात कापून बाजूला नीट रचली. खाली पिवळी चिकण लागली, ती फावड्याला चिकटून सुटेना. तो बुटाने खरवडायचा, पुन्हा मारायचा. कुणीतरी व्हिस्कीची बाटली फिरवली. खड्डा खोल होत गेला तशी फक्त त्याची टोपी दिसायला लागली. किती तरी दिवसांनी तो शीळ घालत होता. ओला तर तिथेही होताच, पण तो ओलेपणा वेगळा.

दुपारी पेटी आली. सगळं गाव आलं, डेसही आला, काळ्या कोटात. आमच्याकडे मयतीला न जाणं म्हणजे भांडण. तो रांगेतून पुढे आला, लॅलींचे हात हातात घेतले, आणि मग मॅलाकीपाशी थांबला. चिखलाने भरलेला त्याचा हात त्याने हातात घेतला.

"छान कडा धरल्यास, गड्या," तो कबरीकडे पाहून म्हणाला. मी हातभर अंतरावर होते.

फादरची प्रार्थना संपते न संपते तोच डेसच्या खिशातला फोन थरथरला. त्याने तो दाबला. पुन्हा थरथरला. तो भिंतीकडे गेला, पाठ करून बोलला. मी पाहत होते. त्याची मान हळूहळू लाल झाली. मग तो वळला आणि मॅलाकीकडे पाहिलं. मॅलाकी माती लोटत होता, त्याला काही कळलं नाही. डेस कुणाला न भेटता जीपमध्ये बसला आणि गेला.

गेटवर काय झालं ते कोलमननेच सांगितलं. संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभा होता.

"एक बाई आली आणि एक पोरगेलासा साहेब. मी म्हटलं, ओळखपत्र दाखवा. त्यांनी दाखवलं. मी म्हटलं, चष्मा गाडीत राहिला का माझा, थांबा, नीट वाचू दे. भर पावसात उभं केलं गं त्यांना! गार्डाने तसंच करायचं असतं ना?"

"तसंच," मॅलाकी म्हणाला.

"मग बाई म्हणाली, आता तुमचं दाखवा. मी दाखवलं."

आम्ही कोलमनच्या दाढीकडे पाहिलं. लायसनवरचा मॅलाकी गुळगुळीत, टकलावर उजेड पडलेला.

"ती म्हणाली, हा फोटो तुमचा? मी म्हटलं, तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती."

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. मॅलाकी हसला नाही.

"तू माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं. गेटवर मॅलाकी असायला हवा होता ना? मग मी मॅलाकी." कोलमनने कप खाली ठेवला. "माझ्यामुळे तुझं लायसन जाणार, नाही का?"

मॅलाकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तुझा वाटा दिलास. बाकीचं बघू."

म्हणजे बघा कसं. आमच्याच तक्रारीवरून ते आले, आणि आमचाच माणूस सापडला. आणि लायसन गेलं की संपलंच. गुडघा धरलेल्या, साठीच्या माणसाला या भागात दुसरं कोण काम देणार? मी त्या संध्याकाळी चूल पेटवायचीही विसरले.

तालुक्याच्या हॉटेलातल्या एका खोलीत आम्हाला बोलावलं. टिअर्नीबाई टेबलापलीकडे, शेजारी कामगार खात्याचा तो तरुण. बाई कडक नव्हत्या, पण गोडही नव्हत्या. डेस इस्त्रीच्या शर्टात आला होता आणि आल्याबरोबर मॅलाकीला म्हणाला, "कसा आहेस, गड्या?"

बाई म्हणाल्या, "लायसन ज्याचं त्याचं असतं. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा तो हार नव्हे. गेटवर कोण उभा आहे हे लोकांना खरं कळावं, म्हणूनच तर ते असतं. हे तुम्हाला शिकवलं होतं ना?"

"होय, बाई. शिकवलं होतं. चूक माझी."

"कोलमनची?"

"माझी. त्याच्या अंगात जॅकेट आमच्या घरी चढलं."

मग बाईंनी डेसला विचारलं, की तुमचा माणूस गेटवर नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का.

डेसने हात पसरले. "तुमचा फोन आला तेव्हाच कळलं. मी तर चाट पडलो. इतक्या विश्वासाचा माणूस! बाई, मला तर फसवल्यासारखं वाटलं."

मॅलाकी खिडकीबाहेर पाहत होता. मला त्याचा विचार दिसत होता. डेसचं लायसन गेलं तर गावातल्या किती घरांची चूल विझेल, हे तो मनात मोजत होता. शिवाय आमच्याकडे चुगलखोराला माफी नसते. माणूस चोर असला तर लोक त्याच्याशी बोलतात, चुगलखोराशी नाही. तो गप्प बसणार आणि सगळं आपल्या डोक्यावर घेणार. मला ते सहन होईना.

"खोटं!" मी म्हणाले. खुर्चीवरून उठलेच. "धडधडीत खोटं! 'तुमचं तुम्ही बघा, मला काही दिसत नाही' हे कोण म्हणालं, डेस? जीप धुताना? आणि स्मशानात याचा हात हातात घेऊन 'छान कडा धरल्यास' म्हणालास, ते फोनच्या आधी की नंतर? ब्रायडीच्या पेटीशेजारी उभा होतास तू!"

"नोरीन, तू दुःखात आहेस..."

"मी रागात आहे. दोन्हीतला फरक मला कळतो."

बाईंनी मला बसायला सांगितलं. मग त्या मॅलाकीकडे वळल्या. "तुमची पत्नी म्हणते ते खरं आहे का?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. डेस त्याच्याकडे पाहत होता आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडी 'गड्या' नव्हतं. शाळेतल्या पोरासारखा दिसत होता तो, मला क्षणभर कीवही आली.

"बाई," मॅलाकी म्हणाला, "आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. नोरीन तिखट बोलते. पण खोटं बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही."

निकाल लागला तो असा. मॅलाकीचं लायसन शरद ऋतूपर्यंत थांबवलं. कोलमनला समज दिली. तो म्हणाला, एवढ्या वयात मला कुणी समज देईल असं वाटलं नव्हतं, आता ती आली आहे तर वापरतो. डेसला दंड झाला, आणि लायसन ठेवायचं असेल तर अमुक कर, तमुक कर असं बजावलं. प्रत्येक गार्ड हा नोकर, तसं लिहून द्यायचं. ऊब असलेली खोली, गेटजवळ संडास, आणि मधल्या सुट्टीला बदली माणूस. एकाच गेटवर नाही, त्याच्या सगळ्या गेटांवर.

मी म्हटलं, आता गाव येईल, मॅलाकीची पाठ थोपटेल. कसलं काय! दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. ज्यांच्या नवऱ्यांना सुट्टी मिळायला लागली त्या बायकाच ब्रेड निवडण्यात गढून जायच्या. हर्लिंगच्या पोरांना यंदा नवे शर्ट आले नाहीत, त्याचं खापरही आमच्यावर. लॅलींची पोरं तेवढी येत राहिली. धाकट्याने काही न बोलता आमच्या परसातली जमीन नांगरून दिली. आणि मॅलाकी घरात बसून राहिला. त्याचे पाय कोरडे होते, बोटं बरी झाली होती. पण तो शीळ घालत नव्हता. "मी तोंड उघडायला नको होतं का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "उघडलंस ते बरं केलंस. मला जमलं नसतं." एवढंच.

जूनमध्ये, गाडीतून येताना, तो एकदम म्हणाला, "गेटवरून जाऊ या."

गेटवर एक तरणी मुलगी होती, लाल केसांची. छातीवर लायसन, त्यावर नाव एथना. मॅलाकी गाडीतून उतरून गेटाशी गेला. रिमझिम चालू होती.

"आत सोडता येणार नाही हं," ती म्हणाली. "परवानगी असल्याशिवाय कुणालाच नाही."

"बरोबर. सोडूच नकोस," मॅलाकी म्हणाला. "मला फक्त खोली बघायचीय. बाहेरूनच."

तिला विचित्र वाटलं असणार. पत्र्याची खोली आता निळी रंगवलेली, खिडकीत दिवा, आत किटली. मॅलाकी गजांवर हात ठेवून ते पाहत उभा राहिला. टोपीवरून पाणी गळत होतं. मला वाटलं, जाऊन त्याला ओढून आणावं.

इतक्यात आतून दुसरा गार्ड आला आणि तिला म्हणाला, "जा, तुझी सुट्टी." एथना खोलीत गेली, आणि दोन कप घेऊन बाहेरच आली. एक मॅलाकीपुढे धरला.

"अगं, आत बस ना, उबेला," तो म्हणाला. "सुट्टी आहे तुझी."

"माझीच आहे ना? मग कुठे बसायचं ते मी ठरवीन."

दोघं बाहेरच्या दगडी भिंतीवर बसले. मी गाडीतून उतरून जवळ गेले, तेव्हा ती सांगत होती, "आधीच्या कंपनीत हे काही नव्हतं. मी पाणीसुद्धा प्यायचे नाही. इथे सगळं आहे म्हणून आले. म्हणतात, इथल्या आधीच्या गार्डाने भांडून घेतलं. तुम्ही इथलेच ना? कोण होता तो? विचारलं की लोक दुसरंच बोलतात."

मॅलाकीने कपात पाहिलं. "होता कोणीतरी."

"हाच होता!" मी म्हटलं. माझ्या तोंडाला कुलूप कधी लागलं आहे?

एथना त्याच्याकडे बघत राहिली. मी वाट पाहत होते, आता ती आभार मानेल, काहीतरी मोठं बोलेल. ती जरा सरकून त्याच्याकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "मग मला एक सांगा. पश्चिमेचा वारा सुटला की हे गेट आपोआप उघडतं. साखळी लावली तरी ओढतं. तुम्ही काय करायचात?"

मॅलाकी ताठ झाला. "साखळी वर लावून उपयोग नाही. खालच्या कडीपाशी लावायची. थांब, दाखवतो." आणि कप भिंतीवर ठेवून तो हवेतच गेट, कडी, वारा असं सगळं हातांनी दाखवायला लागला. ती मधेमधे प्रश्न विचारत होती. मी गाडीत जाऊन बसले आणि चेहरा झाकून रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. थोडं बरं वाटलं म्हणून, आणि थोडा संतापही होताच.

तिची सुट्टी संपली तसा तो आला. दार लावलं, टोपी झटकली.

"लायसन परत मिळालं की अर्ज टाकतो," तो म्हणाला.

"कुणाकडे?"

"डेसकडे. दुसरं आहे कोण इथे?"

"त्या माणसाकडे? त्याने तुला खोट्यात पाडायला पाहिलं, मॅलाकी! तो घेईल तरी का तुला?"

"घ्यायचं की नाही ते तो बघेल. मी विचारणार." त्याने मागे वळून गेटाकडे एकदा पाहिलं. "चांगली नोकरी आहे गं आता ती."

मी गाडी सुरू केली.